बागुलबुवा कोणाच्या बाजूचा?

न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात १९३०च्या दशकात एका ज्यू कुटुंबाकडे दर रविवारी पाहुण्यांचा लोंढा येत असे. पोलंडहून अमेरिकेत येऊन स्थिरावू पाहणारे हे जवळचे नातेवाईक होते. काका, मामा, आत्या, मावश्या. स्वयंपाक होईपर्यंत करायला काहीच नसल्यामुळे ही मंडळी घरातल्या पोरांना गाठत. पिवळे पडलेले दात, नाकातून डोकावणारे केस आणि लालसर डोळे घेऊन ते पोरांच्या तोंडाजवळ तोंड आणत, गालगुच्चे घेत आणि 'किती गोड, खाऊनच टाकावंसं वाटतं' अशा अर्थाचं काहीतरी म्हणत. मराठी घरातल्या मुलांनाही हे वाक्य नवं नाही. पण तिथल्या तीन भावंडांतल्या शेंडेफळाला, सदा आजारी असणाऱ्या मॉरिसला, त्यात लाड दिसत नव्हता. आईला स्वयंपाकाला आणखी उशीर झाला तर हे लोक खरोखरच आपल्याला खातील, अशी त्याची खात्री होती.

हा मॉरिस म्हणजे मॉरिस सेंडॅक. मोठेपणी तो मुलांच्या पुस्तकांचा चित्रकार झाला. स्वतः लिहून चित्रं काढायच्या एका पुस्तकाचं काम त्याने हाती घेतलं, तेव्हा ते रानटी घोड्यांच्या देशाबद्दल असणार होतं. संपादक अर्सुला नॉर्डस्ट्रॉम यांना कल्पना आवडली होती. अडचण एकच होती, सेंडॅकला घोडे काढता येईनात. मग घोड्यांच्या जागी काहीतरी दुसरं 'रानटी' हवं झालं आणि त्याला रविवारचे पाहुणे आठवले. तेच दात, तेच डोळे, तेच केस. १९६३ मध्ये 'व्हेअर द वाइल्ड थिंग्ज आर' प्रसिद्ध झालं आणि १९६४ मध्ये त्याला अमेरिकेतल्या चित्रपुस्तकांसाठीचं सर्वांत मानाचं कॅल्डेकॉट पदक मिळालं.

संपूर्ण पुस्तकात शब्द आहेत साडेतीनशेहूनही कमी. मॅक्स नावाचा मुलगा लांडग्याचा पोशाख घालून घरभर धुडगूस घालतो, आईला खाऊन टाकायची धमकी देतो आणि शिक्षा म्हणून त्याची उपाशीपोटी खोलीत रवानगी होते. खोलीत जंगल उगवतं. होडीत बसून तो राक्षसांच्या बेटावर पोचतो, त्यांच्या पिवळ्या डोळ्यांत पापणी न हलवता रोखून पाहतो आणि त्यांचा राजा होतो. मनसोक्त दंगा झाल्यावर त्याला घरची आठवण येते. परत येतो तर जेवण वाढून ठेवलेलं असतं, आणि ते अजून गरम असतं.

आज साठ वर्षांनी हे पुस्तक निरुपद्रवी वाटतं. तेव्हा वाटलं नव्हतं. मुलं घाबरतील, रात्री दचकून उठतील, आई जेवण नाकारते हे मुलांना दाखवावंच का, असे आक्षेप आले. नामांकित बालमानसतज्ज्ञ ब्रूनो बेटलहाइम यांनी १९६९ मध्ये 'लेडीज होम जर्नल' या मासिकातल्या आपल्या सदरात या पुस्तकावर टीका केली. गंमत म्हणजे पुस्तक त्यांनी स्वतः पाहिलेलंच नव्हतं. काही आयांनी केलेल्या वर्णनावरच त्यांनी मत बनवलं होतं. याच बेटलहाइम यांनी पुढे १९७६ मध्ये परीकथांमधल्या चेटकिणी, लांडगे आणि राक्षस मुलांच्या मनाच्या वाढीसाठी का हवेत, हे सांगणारं एक गाजलेलं पुस्तक लिहिलं.

घाबरलेल्या मोठ्यांना जे दिसलं नाही ते मुलांना दिसलं होतं: राक्षस मॅक्सच्या ताब्यात आहेत. पहिल्या काही पानांत जिन्याजवळच्या भिंतीवर एका राक्षसाचं चित्र टांगलेलं आहे आणि खाली काढणाऱ्याचं नाव आहे, मॅक्स. म्हणजे बेट सापडण्याआधीच राक्षस त्याच्या हातून कागदावर उतरलेला होता. वाचून दाखवणाऱ्या मोठ्याचं लक्ष ओळींवर असतं, त्याच्या नजरेतून हे चित्र सुटतं. मांडीवर बसलेलं, वाचता न येणारं पोर चित्रच बघत असतं, त्याच्या नजरेतून ते सुटत नाही.

भीती मुलाच्या हाती द्यायची की मोठ्यांच्या, यावरच भीतीच्या चित्रपुस्तकांचा सगळा इतिहास दोन भागांत वाटला जातो.

मोठ्यांच्या हातातली भीती प्रत्येक भाषेत आहे. मराठीत तिचं नाव बागुलबुवा. जेव, नाहीतर बुवा येईल. झोप, नाहीतर बुवा नेईल. या बुवाला चेहरा नाही, गोष्ट नाही, घरदार नाही. त्याचं काम एकच, मोठ्यांचं ऐकायला लावणं. त्याला जर्मनीत पुस्तकाचं रूप मिळालं ते १८४५ मध्ये. फ्रांकफुर्टचे डॉक्टर हाइनरिश हॉफमान १८४४च्या नाताळात आपल्या तीन वर्षांच्या मुलासाठी पुस्तक शोधत दुकानांतून हिंडले. जे मिळालं ते उपदेशाने भरलेलं आणि कंटाळवाणं होतं. शेवटी त्यांनी एक कोरी वही आणली आणि स्वतःच चित्रं काढून यमकं जुळवली. पुढे ते 'श्ट्रुव्हेलपेटर' या नावाने जगभर गेलं.

त्यातली पॉलिना काडेपेटीशी खेळते आणि जळून तिची राख होते. शेजारी दोन मांजरं आसवं गाळत बसतात. कोन्राड अंगठा चोखतो, तर एक शिंपी भली मोठी कात्री घेऊन दारातून उडी मारत येतो आणि त्याचे दोन्ही अंगठे कापून टाकतो. सूप नको म्हणणारा कास्पर दिवसेंदिवस वाळत जातो आणि पाचव्या दिवशी मरतो. बर्लिनमध्ये राहत असताना १८९१ मध्ये मार्क ट्वेनने या पुस्तकाचं इंग्रजी भाषांतर केलं, तेही स्वतःच्या मुलींसाठी. मुलांना पुस्तक आवडलं यात शंका नाही, कारण अतिशयोक्ती त्यांना मोठ्यांपेक्षा लवकर कळते. तरी शिंप्याची कात्री आईच्या ताकिदीनंतर येते, हे विसरता येत नाही. भीती इथे आईबापांच्या बाजूने उभी आहे.

या जातीच्या पुस्तकांची सर्वांत बोचरी टर उडवली ती एडवर्ड गोरी या अमेरिकन चित्रकाराने. सेंडॅकच्या पुस्तकाच्याच वर्षी, १९६३ मध्ये, त्याचं 'द गॅश्लिक्रम टायनीज' आलं. इंग्रजी बाराखडीच्या सव्वीस अक्षरांना सव्वीस मुलं, आणि प्रत्येकाचा वेगळ्या तऱ्हेने मृत्यू. शिकवण शून्य. बारीक काळ्या रेघांत काढलेलं हे पुस्तक दिसतं मुलांचं, पण त्यातला विनोद मोठ्यांसाठी आहे. दुकानदाराने नुसतं मुखपृष्ठ बघून ते चार वर्षांच्या मुलासमोर ठेवलं तर घोटाळा होतो. भीतीची सगळीच चित्रं मुलांसाठी नसतात.

मुलांच्या आणि मोठ्यांच्या हातातल्या भीतीच्या मधोमध उभं आहे एक छोटंसं जपानी पुस्तक. केइको सेना यांचं 'नेनाइ को दारे दा', म्हणजे साधारण 'न झोपणारं मूल कोण आहे?', १९६९ मध्ये आलं आणि आजही जपानी घराघरांत आहे. हाताने फाडलेले रंगीत कागद चिकटवून त्यातली चित्रं केली आहेत. घड्याळात रात्रीचे नऊ वाजतात. आता कोण कोण जागं असेल? घुबड, मांजर, उंदीर. आणि हो, भुतं. जागं राहिलेलं मूल शेवटी स्वतःच भूत होतं आणि मोठ्या भुताचा हात धरून आकाशात उडून जातं.

जपानी आईबाप हे पुस्तक मुलांना झोपवण्यासाठी सर्रास वापरतात, म्हणजे बागुलबुवाच झाला म्हणायचा. पण शेवटचं चित्र नीट पाहिलं तर तिथे किंकाळी नाही, शिक्षा नाही, रडू नाही. उडतंय एक छोटं पांढरं भूत. काही मुलांना ते पाहून पांघरुणात शिरावंसं वाटतं, तर काहींना आपणही असं उडावं असं वाटतं. फाटलेल्या कागदाची ओबडधोबड कड दोन्ही मुलांना सामावून घेते.

पण पुस्तकातली भीती मुलाच्या ताब्यात येते ती नेमकी कशी? गोष्टीइतकंच याचं श्रेय पुस्तक नावाच्या वस्तूला आहे.

सिनेमा मुलासाठी थांबत नाही. पडद्यावरचा राक्षस यायच्या वेळी येतो, मोठ्या आवाजासह. पुस्तकातला राक्षस मात्र पुढच्या पानाआड उभा असतो आणि पान उलटलं जाईपर्यंत त्याला तिथेच थांबावं लागतं. पान उलटायचं की नाही, हे बोट ठरवतं. नको वाटलं तर पुस्तक मिटता येतं, राक्षस कागदात चेपून जातो. हवं वाटलं तर तेच पान दहा वेळा उघडता येतं. या एका सोयीवर चित्रपुस्तकातली सगळी भीती तोललेली आहे.

एड एम्बर्ली या अमेरिकन चित्रकाराने १९९२ मध्ये ही सोय कात्रीने कापून दाखवली. त्याच्या 'गो अवे, बिग ग्रीन मॉन्स्टर!' या पुस्तकात पानांना भोकं आहेत. काळ्या पानावर आधी नुसते दोन पिवळे डोळे दिसतात. पान उलटलं की नाक येतं, मग दात, मग कान, मग केस, आणि शेवटी एक अख्खा हिरवा राक्षस समोर उभा राहतो. पुस्तकाचा मध्य इथे येतो. मग मूल त्याला बजावतं की मी तुला भीत नाही, आणि एकेक अवयवाला जायला सांगतं. पान उलटलं की कान गेले, केस गेले, दात गेले. सरतेशेवटी उरतं कोरं काळं पान. तीन वर्षांचं मूल हे पुस्तक हातात धरून राक्षस बनवायला आणि मोडायला शिकतं, आणि हुकूम सोडताना त्याचा आवाज पानागणिक चढत जातो.

सेंडॅकने हेच काम समासाकडून करून घेतलं. पुस्तकाच्या सुरुवातीला मॅक्सची चित्रं लहान आहेत आणि भोवती पांढरा समास रुंद आहे. खोलीत झाडं उगवू लागतात तसं चित्र फुगतं आणि समास आटतो. पुढे चित्र समोरच्या पानावर सांडतं. राक्षसांच्या धिंगाण्यापर्यंत पोचलं की सलग तीन जोडपानांवर फक्त चित्र उरतं, शब्द एकही नाही. वाचणाऱ्या आईबापांकडे तिथे म्हणायला काहीच नसतं. त्या पानांवर किती वेळ थांबायचं, कसले आवाज काढायचे, हे मूल ठरवतं. परतीच्या वाटेवर समास पुन्हा दिसू लागतो. अगदी शेवटच्या पानावर चित्रच नाही, फक्त गरम जेवणाची खूण सांगणारे मोजके शब्द. त्यातल्या 'गरम' शब्दाऐवजी 'कोमट' घाला, नाहीतर मुलाचं तोंड भाजेल असं वाटतं, असं प्रकाशकांकडून सुचवलं गेल्याची आठवण सेंडॅक सांगत असे. त्याने शब्द बदलला नाही. जेवण गरम आहे याचा अर्थ कोणीतरी आत्ताच वाढून गेलं आहे. संपूर्ण पुस्तकात एकाही चित्रात न दिसलेली आई त्या एका शब्दात उभी आहे.

यानंतर पन्नास वर्षांनी, २०१३ मध्ये, अंधाराला पात्र करणारं एक पुस्तक आलं. 'द डार्क'चे शब्द लेमनी स्निकेट या टोपणनावाने लिहिणाऱ्या डॅनियल हँडलरचे आहेत आणि चित्रं जॉन क्लासन या कॅनडात वाढलेल्या चित्रकाराची. लॅझ्लो नावाचा मुलगा एका मोठ्या, करकरणाऱ्या घरात राहतो. त्याच घरात अंधारही राहतो, दिवसा बहुतेक तळघरात आणि रात्री घराबाहेर, खिडक्यांना टेकून. लॅझ्लो रोज सकाळी तळघराच्या दारातून डोकावून अंधाराला हाक मारतो. हेतू हा की आपण त्याच्याकडे जाऊन आलो तर तो आपल्या खोलीत येणार नाही. मुलांच्या अशा गुप्त तहांची ज्यांना आठवण आहे, त्यांना हा हिशेब लगेच पटेल.

एका रात्री खोलीतला झिरोचा बल्ब जातो आणि अंधार खोलीत येतो. येऊन लॅझ्लोला म्हणतो, तुला काहीतरी दाखवायचंय. हातात बॅटरी घेऊन मुलगा एकेक जिना उतरत तळघराकडे निघतो. क्लासनने काळा रंग इथे सपाट, गच्च लावला आहे. बॅटरीचा झोत जिथे पडतो तेवढंच घर दिसतं. अंधार त्याला आणखी जवळ बोलावतो, आणि नेमक्या त्या क्षणी लेखक थांबतो. पुढचं पान चित्राऐवजी मजकुराने भरलेलं आहे. तिथे लेखक शांतपणे समजावतो की छप्पर करकरतं, जिने अंधारे असतात, पण कपाट नसतं तर चपला-बूट ठेवायला जागा नसती, आणि अंधार नसता तर सगळं लख्ख उजेडात असतं आणि बल्ब कुठे हवा हेच कळलं नसतं. ऐकणारं मूल तळमळतं, कारण त्याला पुढे काय झालं ते हवं असतं. तेवढ्या वेळात भीतीची धार ओसरते. मग पान उलटतं. तळघरात खणांचं एक जुनं कपाट असतं. सगळ्यात खालचा खण उघड, असं अंधार सांगतो. खणात असतात बल्ब.

भयाला विनोदाची फोडणी देणारी पुस्तकंही याच कुळातली. 'क्रीपी कॅरट्स!' २०१२ मध्ये आलं. लेखक एरन रेनल्ड्स, चित्रकार पीटर ब्राउन. जास्पर नावाचा ससा रोज एका शेतातली गाजरं ओरबाडून खातो आणि हळूहळू त्याला गाजरं आपला पाठलाग करताहेत असा भास होऊ लागतो. न्हाणीघरात गाजर, गोठ्यासारख्या शेडमध्ये गाजर. ब्राउनने जुन्या कृष्णधवल रहस्यपटांची धाटणी घेऊन अख्खं पुस्तक करड्या-काळ्या छटांत रंगवलं आणि रंग ठेवला फक्त एक, नारिंगी. घाबरलेला जास्पर शेवटी शेताभोवती उंच कुंपण घालतो, खंदक खणतो, त्यात मगरी सोडतो. आता गाजरं बाहेर येऊ शकणार नाहीत. शेवटच्या पानावर कुंपणाआड गाजरं जल्लोष करताना दिसतात, कारण त्यांनाही हेच हवं होतं. भास कोणता आणि कट कोणता, हे पाच वर्षांचं मूल स्वतः शोधून काढतं आणि सांगताना आनंदाने फुटतं.

सगळीच पुस्तकं अशी सुटका करत नाहीत. जपानच्या इवासाकी शोतेन या प्रकाशनाने २०११ पासून मुलांसाठी भयकथांची चित्रपुस्तकमाला काढली आणि त्यासाठी मोठ्यांच्या भयकथा व रहस्यकथांत नावाजलेल्या लेखकांना लिहितं केलं. त्यातलं नात्सुहिको क्योगोकु यांचं 'इरु नो इनाइ नो', म्हणजे 'आहे का, नाही का?', विशेष गाजलं. चित्रं नाओको माचिदा यांची. आजीच्या जुन्या घरी राहायला आलेला मुलगा वर पाहतो. छत खूप उंच, आडव्या जाड तुळया, वर अंधार. तिथून एक चेहरा खाली बघतोय असं त्याला दिसतं. आजीला विचारतो, तर ती त्याला नाकारत नाही आणि घाबरतही नाही. तिचं म्हणणं साधं आहे: वर बघायचं नाही, नाही बघितलं तर नसल्यासारखंच. सगळ्या खोल्यांतून मांजरं निवांत पडली आहेत. शेवटी चेहरा समोर येतो आणि पुस्तक संपतं. ना खुलासा, ना उतारा. पाच वर्षांच्या मुलापेक्षा आठ-नऊ वर्षांच्या मुलासाठी हे पुस्तक बरं. पण कोकणातल्या जुन्या घराचा माळा ज्यांनी लहानपणी पाहिला आहे, त्यांना त्या तुळया ओळखीच्या वाटतील.

क्लासनने २०२३ मध्ये केलेलं 'द स्कल' याहून एक पाऊल पुढे जातं. अलास्कातल्या एका ग्रंथालयात त्याच्या हाती टिरोल प्रांतातली एक लोककथा लागली. वर्षभर ती डोक्यात घोळली, आणि पुन्हा मागवून वाचली तर लक्षात राहिलेला शेवट त्यात नव्हताच. त्याने आपल्या डोक्यातला शेवट ठेवला. ओटिला नावाची मुलगी रात्री घरातून पळून जाते. जंगलातल्या एका रिकाम्या वाड्यात तिला एक बोलकी कवटी भेटते. कवटी तिला घर दाखवते, दोघी नाचतात. रात्री एक बिनडोक्याचा सांगाडा या कवटीच्या शोधात येतो. सांगाड्याने तुला न्यावं असं तुला वाटतं का, असं ओटिला विचारते, आणि नाही असं उत्तर आल्यावर त्याचा पुरता बंदोबस्त करते. ती स्वतः घरातून का पळाली, हे मात्र क्लासन शेवटपर्यंत सांगत नाही. वाचणाऱ्या मुलांपैकी काहींना ते विचारावं लागत नाही.

आणि मग मृत्यू. जर्मन चित्रकार व्होल्फ एर्लब्रुख यांना २००६ मध्ये चित्रकारांसाठीचा हान्स क्रिस्तियन अँडरसन पुरस्कार आणि २०१७ मध्ये आस्ट्रिड लिंडग्रेन स्मृती पुरस्कार मिळाला. त्यांचं 'बदक, मृत्यू आणि ट्यूलिप' अशा अर्थाच्या नावाचं पुस्तक २००७ मधलं. कवटीचं डोकं, अंगात चौकड्यांचा लांब कोट आणि पाठीमागे लपवलेलं ट्यूलिपचं फूल, असा मृत्यू एका बदकाच्या मागे येऊन उभा राहतो. बदक दचकतं. मृत्यू सांगतो की तो पहिल्यापासून जवळच होता. मग दोघांची ओळख होते. बदक त्याला तळ्यावर नेतं, पाण्यात भिजून मृत्यूला थंडी वाजते आणि बदक त्याला पंखांची ऊब देतं. झाडावर बसून दोघं तळ्याकडे पाहतात. आपण गेल्यावर तळं किती एकटं पडेल, असं बदकाच्या मनात येतं. एका रात्री हिम पडतं आणि बदकाचा श्वास थांबतो. मृत्यू त्याची पिसं सारखी करतो, उचलून मोठ्या नदीपाशी नेतो, अंगावर ट्यूलिप ठेवतो आणि हलकेच पाण्यात सोडतो. पार्श्वभूमी जवळजवळ पूर्ण रिकामी. आजी-आजोबांच्या जाण्यानंतर 'देवाघरी गेले' एवढ्यावर ज्या मुलांचं समाधान होत नाही, त्यांच्या प्रश्नांना इथे बसायला जागा मिळते.

भीती हवीहवीशी का वाटते, याचा अभ्यास डेन्मार्कच्या ऑरहूस विद्यापीठातला एक गट करतो. मथियास क्लासन आणि मार्क अँडरसन हे त्यातले प्रमुख संशोधक. एका भीतिदायक करमणूकगृहात शिरलेल्या ११० लोकांच्या हृदयाचे ठोके मोजून त्यांनी २०२० मध्ये निष्कर्ष मांडले. भीती फार कमी असेल तर मजा नाही आणि फार वाढली तरी मजा नाही. मधल्या एका टप्प्यावर आनंद सर्वाधिक. अभ्यास चित्रपुस्तकांवर नव्हता, पण आमटीतल्या तिखटाचा हा न्याय पुस्तकालाही लागू पडावा. प्रत्येक जिभेचं तिखट वेगळं, म्हणून तर बेत जेवणाऱ्याला विचारून ठरवायचा. तीन ते सहा या वयात अंधाराची आणि काल्पनिक प्राण्यांची भीती बहुतेक मुलांना वाटते. कल्पनाशक्ती जोमात असते, पण तिला लगाम घालणारा तर्क अजून रांगत असतो. या वयात मूल पुस्तकाविनाही घाबरणारच. पुस्तकामुळे त्या भीतीला निदान चेहरा मिळतो आणि शेवट मिळतो.

मराठी मुलांच्या वाट्याला ही विचारी भीती आली नाही असं मुळीच नाही. लेकीकडे निघालेली म्हातारी वाघाला सांगते, मी लेकीकडे जाऊन तूपरोटी खाऊन लठ्ठ होते, मग मला खा. आणि परतताना भोपळ्यात बसून निसटते. वाघ खराच आहे, त्याची भूकही खरी आहे, पण सूत्रं म्हातारीच्या हाती आहेत. मद्रासहून १९४७ मध्ये तेलुगू आणि तमिळमध्ये सुरू झालेलं 'चंदामामा' १९५२ पासून मराठीत 'चांदोबा' म्हणून येऊ लागलं, आणि के. सी. शिवशंकरन् म्हणजेच 'शंकर' यांनी रेखाटलेलं विक्रम-वेताळाचं चित्र घराघरांत पोचलं. हातात तलवार, खांद्यावर प्रेत, अवतीभोवती स्मशान. इतकं भीषण चित्र, पण प्रेतातला वेताळ करतो काय? गोष्ट सांगतो आणि न्यायाचा एक अवघड प्रश्न विचारतो. मासिक वाचणारं पोर भुताला विसरून उत्तराच्या मागे लागतं.

तिसरं उदाहरण रंगभूमीवरचं. मोठ्यांसाठी गूढकथा लिहिणाऱ्या रत्नाकर मतकरींनी १९६२ पासून बालनाट्यं केली आणि 'अलबत्या गलबत्या'मधली चेटकीण मराठी मुलांना दिली. दिलीप प्रभावळकरांनी गाजवलेली ही चेटकीण २०१८ मध्ये वैभव मांगले यांच्या रूपाने पुन्हा उभी राहिली, आणि आईच्या मांडीवर सरकून बसलेली मुलं तिला बघायला पुन्हा थिएटरात गेली.

कान आणि रंगमंच यांच्याकडे ही परंपरा आहे. कागदाकडे ती अजून थोडीच आली आहे. माधुरी पुरंदरे यांच्यासारख्या लेखिका-चित्रकर्तीने मुलांचं रोजचं जग मराठी चित्रपुस्तकांत विश्वासाने आणलं. पिंपळावरचा मुंजा, विहिरीतली हडळ आणि गावाच्या वेशीवरचा वेताळ मात्र बहुतांशी आजीच्या तोंडी राहिले. लोककथांचा एवढा ऐवज घरात असताना त्याचं काम परदेशी पुस्तकांवर सोपवणं, हे मराठी चित्रकारांना आणि प्रकाशकांना शोभणारं नाही.

घरी असं भीतीचं पुस्तक आणणाऱ्यांनी काही साध्या गोष्टी पाळाव्यात. आधी स्वतः शेवटपर्यंत वाचावं. पहिलं वाचन दिवसाउजेडी करावं, झोपेच्या तोंडावर नको. पान मुलाला उलटू द्यावं आणि त्याने थांबवलं तर थांबावं. एखादं पान त्याला वगळायचं असेल तर वगळू द्यावं. चार दिवसांनी तेच पान ते स्वतःहून उघडतं. घाबरलेल्या मुलाला 'असलं काही नसतं' असं सांगून गप्प करण्यापेक्षा 'कुठे दिसलं?' असं विचारावं. आणि हे पुस्तक जेवण किंवा अभ्यास करवून घेण्यासाठी कधीही वापरू नये, कारण त्या क्षणी पुस्तकातला राक्षस मुलाची बाजू सोडतो.

सेंडॅक २०१२ मध्ये, ८३व्या वर्षी गेला. त्याला मुलांची खूप पत्रं येत. एका लहान मुलाने चित्र काढून पाठवलेलं कार्ड त्याला इतकं आवडलं की उत्तरादाखल त्याने कार्डावर एका राक्षसाचं चित्र काढून पाठवलं. काही दिवसांनी मुलाच्या आईचं पत्र आलं. तिने कळवलं होतं, की कार्ड मुलाला फारच आवडलं, इतकं की त्याने ते खाऊन टाकलं.